१२३४५६७८९८७६५४३२१ : एका संख्येच्या पत्रिकेच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

२२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिवस. दरवर्षी भिंतीवर तेच लागतं: रामानुजनांचं चित्र, १७२९ ची टॅक्सी आणि पायची लांबलचक शेपटी. यंदा गणित मंडळाने ठरवलंय की एकच मोठी संख्या घ्यायची आणि तिची पूर्ण पत्रिका मांडायची. ती कुठल्या कुळातली, कुठल्या नाही, आणि का.

दिवाळीची सुट्टी असल्यामुळे संख्येची निवड ग्रुपवरच झाली. मुलांना आधी काहीतरी अगडबंब हवं होतं, शंभर अंकी वगैरे. मी अट घातली: पत्रिकेत लिहिलेलं प्रत्येक विधान नववीच्या मुलाला कागदावर सिद्ध करून दाखवता आलं पाहिजे. कॉम्प्युटर फक्त ताळा करायला. मग शंभर अंक आपोआप गळाले आणि १२३४५६७८९८७६५४३२१ उरली. सतरा अंक, म्हणजे १११११११११ चा वर्ग.

दुसरं कारण घरगुती आहे. ही संख्या ज्या कुळातली, त्या कुळाला गणिती द. रा. कापरेकरांनी 'डेम्लो' हे नाव दिलं ते आपल्या डोंबिवली (तेव्हाचं डेम्लो) स्टेशनावरून; कल्पना तिथेच सुचली म्हणून. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवरचं ते स्टेशन. आज तिथे गाडीत शिरायला मिळालं तरी गणित सुचण्याइतकी जागा मिळत नाही, पण ते असो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला प्रश्न: वाचायची कशी? कोटीपर्यंत सगळे ठीक होते, अब्जाच्या पुढे गोंधळ. शेवटी भास्कराचार्यांच्या लीलावतीतली यादी घेतली. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा स्थानं. आपली संख्या सतरा अंकी, म्हणजे पहिला १ 'मध्य' या स्थानावर येतो आणि परार्ध रिकामं राहतं. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू... अशी चढत जाऊन नऊ अर्बुदांवर शिखर, मग आठ कोटींपासून उतार. मोठ्याने वाचायला फार छान लागते. उद्घाटनाला कुणाकडून तरी म्हणवून घ्यायची.

भास्कराचार्यांचा उल्लेख करणार असू तर चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखाचीही एक ओळ टाकू. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चंगदेवाने मठ स्थापल्याची त्यात नोंद आहे, आणि तो लेख उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी.

तांत्रिक सूचना, सगळ्यांसाठी: ही संख्या एक्सेलमध्ये टाकू नका. एक्सेल पंधरा अंकांपलीकडचं शून्य करतं, शेवटचे दोन अंक जाऊन ...४३०० होतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचं थोडं बरं, पण २ च्या ५३ व्या घातानंतर तिथे प्रत्येक पूर्णांकाला जागा नसते. आपली संख्या त्या हद्दीच्या पुढची आणि विषम, त्यामुळे ती ...४३२० म्हणून साठवली जाते. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. ताळा तिथेच.

११ नोव्हेंबर, सोमवार

हा चढउतार येतो कुठून? १११११११११ गुणिले १११११११११ उभं मांडा. नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, नवव्यात नऊ, मग पुन्हा कमी. सर्वात उंच स्तंभाची बेरीज ९. म्हणजे कुठेच हातचा येत नाही. सगळं रहस्य एवढंच.

दहा एकांवर ते फुटतं. मधला स्तंभ १० होतो, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटसुलट सारखी वाचता येत नाही, ८ तर डाव्या बाजूने गायबच झाला. म्हणून आपली संख्या या रांगेतली शेवटची सरळ संख्या.

यातून एक गोष्ट मुलांच्या आधी लक्षात आली नव्हती, ती फळ्यावर मांडल्यावर आवडली. हातचा येत नाही म्हणजे पाया (कितीच्या गटाने मोजायचं तो आकडा) दहाच असायला हवा असं नाही. बारा पायात किंवा सोळा पायात '१२३४५६७८९८७६५४३२१' असं लिहिलं तर किंमत वेगळी होईल, पण ती तिथेही वर्गसंख्याच असेल. दहापासून वरच्या कुठल्याही पायात. पत्रिकेत 'पूर्ण वर्ग' हा शेरा या टिपेसकट जाईल.

या माळेला जुना इतिहासही आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात गळ्यातल्या हारासारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची उदाहरणं दिली आहेत. त्यात २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ आहे, म्हणजे आपल्याच संख्येची सहावर थांबलेली धाकटी बहीण. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा; २१ × ५२९१ = ११११११. त्याच यादीत १२३४५६७९ × ९ = १११११११११ सुद्धा आहे, आणि हे तर थेट आपल्या संख्येचं वर्गमूळ. कापरेकरांच्या आधी हजारेक वर्षं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

'डेम्लो' म्हणजे फक्त एकांच्या वर्गांची रांग नव्हे. कापरेकरांची व्याख्या जास्त रुंद आहे. संख्येचे तीन भाग: डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा सारख्या लांबीचे. त्यांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे, आणि मधला भाग त्याच अंकाचा बनलेला हवा. २५५३ (२ + ३ = ५) डेम्लो आहे, १७७७६ (१ + ६ = ७) पण आहे. एकांच्या वर्गांना त्यांनी 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं.

आपली संख्या या व्याख्येत बसते का? १२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. मध्ये ९. बसते, आणि थाटात बसते.

आता कापरेकरांचंच दुसरं कुळ. एखाद्या संख्येचा वर्ग करून त्याचे दोन तुकडे जोडले की पुन्हा तीच संख्या मिळाली तर ती कापरेकर संख्या: २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ + २०९ = २९७. मग १११११११११ चं काय? १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. नऊपट आलं, म्हणजे नाही. का नाही, तेही सांगता येतं. नऊ-नऊ अंकांचे तुकडे जोडण्याने ९९९९९९९९९ ने भागल्यावरची बाकी बदलत नाही. आणि १११११११११ ला ९ ने भाग जातो, त्यामुळे तिच्या वर्गाला ९९९९९९९९९ ने निःशेष भाग जातोच. बेरीज या संख्येच्या पटीतच येणार होती. पत्रिकेत 'कापरेकर: नाही' असं लिहून पुढे हे कारण द्यायचं. 'नाही' म्हणण्यालाही पुरावा लागतो, हे मुलांना एकदा दिसू दे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, दोन दिवस निवडणूक ड्युटी. काम थंड. पण केंद्रावर यंत्रं सील झाल्यावर वाट बघण्यात जो वेळ गेला त्यात अवयवांचा प्रश्न सुटला.

१११११११११ = ९ × १२३४५६७९ आणि १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७. तेव्हा आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. अडचण शेवटच्या अवयवाची. ३३३६६७ मूळ संख्या आहे हे नववीतला मुलगा कसं दाखवणार? तिचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे. ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या १०६. इतके भागाकार कोणीही आनंदाने करणार नाही, आणि त्यात चूक होणारच.

वाट अशी निघाली. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. म्हणजे ३३३६६७ चा कुठलाही मूळ अवयव p घेतला तर तो नऊ नवांच्या संख्येला भागतो, म्हणून १/p च्या आवर्ती दशांशाचं आवर्तन १, ३ किंवा ९ अंकांचंच असू शकतं. आवर्तन एक अंकाचं असणारी मूळ संख्या फक्त ३, तीन अंकांचं असणारी फक्त ३७ (९९९ = २७ × ३७). ३ ने भाग जात नाही, अंकांची बेरीज २८. ३७ ने बाकी १. आता उरलं नऊ अंकांचं आवर्तन, आणि त्यासाठी p − १ ला ९ ने भाग जावा लागतो. p विषम, म्हणून १८ ने. अशा ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या, ३७ धरून, फक्त सतरा: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. हे भागाकार मुलं वाटून घेऊ शकतात. एकालाही निःशेष भाग जात नाही; ५७७ ने बाकी १६१.

२४ नोव्हेंबर, रविवार

सतरा भागाकार झाले, ताळा जुळला. पण हे करताना जे निघालं ते मूळ प्रश्नापेक्षा मोठं आहे, म्हणून वेगळी नोंद.

आवर्तनाची लांबी बघा. १/३ = ०.३३३..., एक अंक. १/३७ = ०.०२७०२७..., तीन अंक. १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७..., नऊ अंक. आणि वरच्याच युक्तिवादातून कळतं की एक अंकाचं आवर्तन असणारी ३ शिवाय दुसरी मूळ संख्या नाही, तीन अंकांची ३७ शिवाय नाही, नऊ अंकांची ३३३६६७ शिवाय नाही. आवर्तनाच्या एखाद्या लांबीची अशी एकटीच मालकीण असलेल्या मूळ संख्येला युनिक प्राइम म्हणतात. हे नाव सॅम्युएल येट्स यांनी १९८० मध्ये दिलं. ११, १०१, ९०९१, ९९०१ याही त्यातल्याच. या संख्या विरळ असतात. आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव तिथले, आणि त्यांच्या लांब्या १, ३, ९.

पत्रिकेच्या मध्यभागी हेच जायला हवं असं माझं मत. उलटसुलट वाचता येणं, चढउतार, हे डोळ्यांना दिसतं. हे आत आहे.

अवयव मिळाल्यावर बाकी शेरे भराभर पडतात. विभाजक ५ × ३ × ३ = ४५, वर्गसंख्या असल्यामुळे विषम. विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९, दुपटीपेक्षा कमी, म्हणून न्यून संख्या; परिपूर्ण नाही, विपुल नाही. प्रत्येक मूळ अवयव निदान दोनदा येतो म्हणून पॉवरफुल, पण कुठलीही वर्गसंख्या पॉवरफुल असतेच, त्यात हिचं कौतुक काय? हे शेरे बारीक टाइपात.

३० नोव्हेंबर, शनिवार

दोन वर्गांची बेरीज होते का? ३ आणि ३३३६६७ या दोघींना ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, पण त्यांचे घात सम आहेत, म्हणून हरकत नाही. ३७ ला बाकी १. म्हणजे होते, आणि शून्य न वापरता फक्त एकाच रीतीने.

ती रीत शोधणं सोपं: ३७² = ३५² + १२². दोन्हीकडे ३००३००३ ने (९ × ३३३६६७) गुणा:

१११११११११² = १०५१०५१०५² + ३६०३६०३६²

फळ्यावर हे आलं तेव्हा वर्गात थोडा वेळ शांतता आणि मग 'फोटो काढू का सर?' १०५, ३६, १११ हे पायथागोरसचं त्रिकूट तीनदा ओळीने लिहिलेलं. कर्ण सगळा एकांचा. पोस्टरवर काटकोन त्रिकोण काढायचाच, चित्रकलेच्या बाईंना सांगितलंय.

४ डिसेंबर, बुधवार

किरकोळ तपासण्या.

हॅपी नंबर (अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेलं की शेवटी १ येतो तो): बेरीज ४८९, मग १६१, ३८, ७३, ५८, ८९. इथून पुढे फेरा: १४५, ४२, २०, ४, १६, ३७, ५८. म्हणजे दुःखी. (फेऱ्यात ३७ भेटते, पण तो योगायोग.)

स्मिथ संख्या (जिथे पुढच्या दोन बेरजा सारख्या येतात): मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज १२ + २० + ५६ = ८८, संख्येच्या अंकांची ८१. नाही. हे कुळ १९८२ मध्ये अल्बर्ट विलान्स्की यांनी मेव्हण्याच्या फोन नंबरवरून काढलं, एवढं मुलांना सांगितलं की पुरे.

७ डिसेंबर, शनिवार

कापरेकरांची हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला पाहिजे. बेरीज ८१, आणि ३ चा चौथा घात अवयवांत बसलेलाच आहे. हर्षद. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१.

मग कापरेकरांची आणखी एक क्रिया. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २३ मध्ये ५ मिळवले की २८. म्हणजे २३ ही २८ ची जनक. ज्या संख्येला जनकच नाही ती स्वयंभू. कापरेकर तिला देवळाली संख्याही म्हणत, कारण ते नाशिकजवळ देवळालीला राहत आणि १९३० पासून १९६२ पर्यंत तिथेच शिक्षक होते. आमच्यासारखेच शाळामास्तर, फक्त त्यांची गणितं मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये छापली.

नववीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग हिचा जनक कोण?"

शोधायला वाटतं तितकं अवघड नाही. जनकाच्या अंकांची बेरीज s असेल तर ९ च्या हिशोबाने २s ला ९ ने भाग जावा लागतो, म्हणून s ही ९ ची पट. सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३. म्हणजे s = ९, १८, २७, ... १५३, पुन्हा सतराच तपासण्या. पहिले तेरा अंक १२३४५६७८९८७६५ तसेच राहतात (बेरीज ७१), बदलतात फक्त शेवटचे चार. ४३२१ मधून s वजा करत जा आणि बेरीज s येते का पाहा. ४३१२ ला ८१, ४२९४ ला ९०, ... आणि s = ८१ ला ४२४०: ७१ + १० = ८१. जुळलं! बाकी सोळांत एकही जुळत नाही. जनक एकच: १२३४५६७८९८७६५४२४०.

या जनकाच्या अंकांची बेरीजही ८१, आणि तो आपल्या संख्येपेक्षा ८१ नेच लहान, म्हणून तोही हर्षद. पुढची पिढी ...४४०२, तिचीही बेरीज ८१, तीही हर्षद. त्यानंतर ...४४८३, बेरीज ९०, शेवटी ३. तिथे हर्ष संपला.

१२ डिसेंबर, गुरुवार

जनकाचा जनक. मुलींनी स्वतःच काढला, म्हणजे काढायला गेल्या. ४२४० मधून ९ च्या पटी वजा: ४२३१, ४२२२, ४२१३, ४२०४ यांना ८१. ४१९५ पासून ४१५९ पर्यंत ९०. ४१५० पासून ४१०५ पर्यंत पुन्हा ८१. ४०९६, ४०८७ ला ९०. जुळायला ८१ वजा केल्यावर बेरीज ८१ हवी होती, ती आली ९०. ९० वजा केल्यावर ९० हवी होती, ती आली ८१. दोन्ही ठिकाणी एका हातच्याने हुकलं.

म्हणजे १२३४५६७८९८७६५४२४० ला जनक नाही. ती स्वयंभू आहे. डोंबिवलीच्या संख्येचा एकुलता एक जनक देवळालीचा निघाला.

एका सहकाऱ्याने लगेच पाणी ओतलं: स्वयंभू संख्या साधारण दहांत एक असतेच, एवढं नाचायला काय झालं? बरोबर आहे, आणि पोस्टरवर तसं लिहायचंही ठरलं. पण पायथॉनवर एका ओळीत उत्तर मिळालं असतं तर कोणीच नाचलं नसतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

मांडणी पक्की. मध्ये संख्या, तिच्याखाली १, ३, ९ आवर्तनांच्या तीन मूळ संख्या. उजवीकडे त्रिकोण. डावीकडे वंशावळ: ...४२४० (स्वयंभू, हर्षद), ...४३२१ (डेम्लो, हर्षद), ...४४०२ (हर्षद). खालच्या पट्टीत 'नाही'चे शेरे कारणांसकट: कापरेकर नाही, स्मिथ नाही, हॅपी नाही, परिपूर्ण नाही. न्यून, पॉवरफुल वगैरे बारीक अक्षरात कोपऱ्यात.

फ्लेक्सवाल्याने संख्येत स्वल्पविराम टाकून पाठवले होते, तेही तीन-तीन अंकांवर. काढायला सांगितले. १०५१०५१०५ मधली पुनरुक्ती स्वल्पविरामांनी उलट छान दिसली असती, पण मग मध्य-अंत्य-जलधीचं वाचन जुळत नाही.

आठवीच्या मुलांनी धाकट्या बहिणी मागितल्यात. १२१ त्यांनी मधल्या सुट्टीतच संपवली: ती स्वतःच स्वयंभू. १२३२१ चा जनक १२३१२, त्याचा १२३०३, त्याचा १२२८५, त्याचा १२२६७, आणि तिथून खाली अजून चालूच आहे.